दत्तबावनीला उंबराखाली उभं करू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दत्तजयंतीच्या आगेमागे आपल्या वाचकपत्रांच्या पानावर एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. महाराष्ट्राबाहेरच्या दत्तमंदिरांत मराठी उपासना भ्रष्ट होत चालली आहे, गुजरातेत तर आरती संपते न संपते तोच गुजराती बावनी, म्हणजे बावन्न ओळींचं दत्तस्तोत्र, सुरू होते, अशी त्यांची तक्रार होती. पत्र छोटंच होतं. मी वाचलं, चहा घेतला आणि विसरले. आम्हा बडोद्याच्या मराठी माणसांना असल्या पत्रांची सवय आहे. २०१८ साली साहित्य संमेलन इथं भरलं तेव्हा आलेले पाहुणेही आमचं मराठी ऐकून आधी गोंधळायचे आणि मग कौतुक करायचे, आणि त्या कौतुकाचा सूर "अगं बाई, अजून बोलता का तुम्ही?" असाच असायचा. आम्ही खिडकीला बारी म्हणतो आणि काम संपलं की "पतलं" म्हणतो, हे मान्य आहे.

पण पुढच्या गुरुवारी संध्याकाळी मंदिरात गेले, तर तेच कात्रण सूचनाफलकावर लावलेलं. खाली निळ्या पेनानं लिहिलं होतं, "आजपासून आरतीनंतर फक्त करुणात्रिपदी." "फक्त" या शब्दाखाली दोन रेघा. करुणात्रिपदी म्हणजे दत्ताला आळवणारी तीन मराठी पदं; थोडक्यात, बावनी बंद. ते अक्षर कोणाचं हे मला माहीत आहे, पण ते इथं सांगत नाही. त्यांच्याशी माझं रोजचं जाणंयेणं आहे.

मंदिर म्हणजे फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. दांडिया बाजाराच्या एका गल्लीत, जुन्या वाड्याच्या चौकात, पत्र्याच्या पडवीखाली. संगमरवराची त्रिमुखी मूर्ती, उंची जेमतेम दीड हात. सहा हातांपैकी डमरूच्या हाताचं एक बोट माझ्या लहानपणापासून मोडलेलं आहे. मूर्तीपुढे पादुका, आणि चौकात उंबर. दत्ताच्या देवळातला, म्हणून त्याला औदुंबर म्हणायचं. त्याच्या मुळांनी कट्ट्याच्या विटा अशा उचलल्या आहेत की प्रदक्षिणा घालताना खाली बघूनच चालावं लागतं. आजोबा गायकवाड सरकारच्या खानगी खात्यात कारकून होते. ते घरून निघाले की आधी या उंबराला तीन फेऱ्या घालत आणि मगच कचेरीत जात. मी स्वतः गुजराती माध्यमाच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं. त्यामुळे मला मोजण्याची खोड आहे, तिचा उपयोग पुढे येईल.

माझे वडील मार्गशीर्षातल्या सप्ताहाला पोथी वाचायला बसत. सात दिवस जमिनीवर झोपणं, एक वेळ दूधभात, सगळं नेमानं. गुरुचरित्राच्या सप्ताहाची वाटणी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे कळेल. पहिल्या दिवशी नऊ अध्याय, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, तिसऱ्या दिवशी एकोणतिसाव्यापर्यंत, असं करत पाचव्या दिवशी फक्त तीनच येतात. नवख्याला वाटतं, आज सुट्टी. पण त्या तिघांत छत्तिसावा आहे, आणि तो आचारधर्म संपता संपत नाही. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "छत्तिसावा झाला का हो?" झाला असेल तर चुलीवर दूध चढायचं.

मला बोलायचं आहे ते सहाव्या दिवसाबद्दल. एकोणचाळीस ते त्रेचाळीस. त्या दिवशी बाबांना घाम फुटायचा. कारण सायंदेवाच्या काशीयात्रेच्या कथेपाशी पोथीत एकदम कानडी पदं येतात. हो, कानडी. लिपी देवनागरी, भाषा कानडी. सायंदेव गुरूंची स्तुती करतो ती आपल्या भाषेत करतो, आणि गुरुचरित्राचे कर्ते सरस्वती गंगाधर यांनी ती मराठी ओव्यांच्या मध्ये तशीच ठेवली आहे. बाबांचा जन्म बडोद्याचा, शिक्षण बडोद्याचं, कानडीशी संबंध शून्य. ते दरवर्षी त्या ओळींवर अडखळत. जिथे श्वास घ्यायचा तिथे घेत नसत आणि जिथे घ्यायचा नाही तिथे हमखास घेत.

मग एका वर्षी रेल्वेत बदलून आलेले धारवाडकडचे एक गृहस्थ ऐकायला येऊन बसले. बाबांनी पहिली ओळ म्हटली आणि ते खुदकन हसले. बाबांनी मान वर केली. सप्ताहात मध्येच बोलायचं नसतं, म्हणून दोघंही गप्प. मग ते गृहस्थ पुढे सरकले, मांडी घातली, डोळे मिटले आणि पोथीकडे न बघता पहिलं पद चालीवर म्हणू लागले. बाबा त्यांच्या मागून एकेक ओळ म्हणत गेले. मी दाराशी होते. नऊ-दहा वर्षांची असेन. ज्या ओळी इतकी वर्षं मला दगडागोट्यांसारख्या वाटल्या होत्या त्यांना चाल आहे हे त्या दिवशी कळलं. पुढची काही वर्षं, त्यांची बदली होईपर्यंत, सहाव्या दिवशी ते दुपारची सुट्टी टाकून येत. बाबांचं "ळ" त्यांनी सुधारलं; बाकीचं सुधारण्यापलीकडे होतं.

आता मला सांगा, ज्या पोथीच्या जोरावर आपण उपासनेची शुद्धता मोजतो, तिच्या पोटातच कानडी पदं आहेत. इतक्या पिढ्यांनी ती पोथी उतरवून घेतली, छापली, पाठ केली. कुणी ती पदं काढली नाहीत. कुणी खाली निळ्या पेनानं लिहिलं नाही.

आणि दत्तगुरूंनी तरी कुठे एका भाषेत मुक्काम केला? त्यांचे पहिले अवतार श्रीपाद श्रीवल्लभ पीठापूरचे, म्हणजे तेलुगू मुलखातले; पुढे कुरवपुरी कृष्णेच्या बेटावर राहिले. दुसरे अवतार नृसिंह सरस्वती कारंज्याचे, वऱ्हाडातले. मुंज होईपर्यंत ॐकाराशिवाय एक अक्षर न बोललेलं मूल, आणि मुंज लागल्याबरोबर वेद म्हणू लागलेलं. बारा वर्षं नरसोबाच्या वाडीला, मग गाणगापुराला, आणि शेवटी श्रीशैल्याला पाताळगंगेत फुलांच्या आसनावर बसून निघून गेले. खूण म्हणून शेवंतीची चार फुलं प्रवाहात वाहत आली. कुरवपूरचा परीट पुढल्या जन्मी बेदरचा यवन राजा झाला, त्याच्या मांडीवर फोड आला, आणि गुरूंच्या दर्शनानं त्याला पूर्वजन्म आठवला. ही कथा मी चौथीच्या वर्गापासून ऐकते आहे, आणि त्या राजानं गुरूंशी कोणत्या भाषेत बोलावं असा प्रश्न माझ्या तरी ऐकण्यात कुणी विचारलेला नाही. एकनाथांना तर दत्त मलंगाच्या वेषात भेटले म्हणतात. नाथांनाही ओळखायला क्षणभर वेळ लागला, तर फलकावर लिहिणाऱ्यांना लागेल यात नवल नाही.

बावनीकडे वळते.

दत्तबावनी लिहिली रंग अवधूत महाराजांनी, १९३५ साली, उत्तर गुजरातेत कलोलजवळच्या सईज गावी, एका आजारी बाईला बरं वाटावं म्हणून. बावन्न ओळींची, सरळ गुजराती. आपल्या पत्रलेखकांना कदाचित हे माहीत नसेल की या रंग अवधूतांचं मूळ नाव पांडुरंग विठ्ठल वळामे. घराणं रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवळे गावचं. वडील गोध्र्याला विठ्ठलमंदिरात पूजेला आले आणि तिथंच १८९८ साली हा मुलगा जन्मला. म्हणजे घरात मराठी, गल्लीत गुजराती. माझ्यासारखंच, पत्रलेखकांच्या आवडत्या भाषेत सांगायचं तर "भ्रष्ट". मुंज झाल्यावर घरचे त्याला नरसोबाच्या वाडीला घेऊन गेले, तिथं वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे आपले टेंबे स्वामी, त्याला दिसले, आणि स्वामी म्हणाले हा तर आमचाच, अशी आख्यायिका आहे. पुढे तो शिकला, अहमदाबादेत शिक्षक झाला, आणि १९२५ साली सगळं सोडून नर्मदेकाठी नारेश्वरला जाऊन बसला. तेव्हा तिथं रान होतं. दत्तपुराणाची एकशे आठ पारायणं केली. ते दत्तपुराण टेंबे स्वामींचं, संस्कृतातलं.

आता फलकावरचं वाक्य पुन्हा वाचा. बावनी बंद आणि फक्त करुणात्रिपदी. करुणात्रिपदी कुणाची? टेंबे स्वामींची. माणगावात, सावंतवाडीजवळ, १८५४ साली जन्मलेले स्वामी संन्यास घेतल्यावर देशभर पायी फिरले आणि १९१४ च्या आषाढात, शुद्ध प्रतिपदेला, त्यांनी देह ठेवला तो कुठे? गरुडेश्वरला. आमच्याकडून डभोई-तिलकवाडा करत गेलं की सकाळी निघून जेवायच्या वेळेला पोहोचता येतं, नर्मदेच्या काठावर. म्हणजे करुणात्रिपदीचा कर्ता गुजरातेत समाधिस्थ आहे आणि बावनीचा कर्ता त्याला गुरू मानणारा कोकणी घराण्यातला माणूस. यांतलं शुद्ध कोणतं आणि भेसळ कोणती? आम्ही गुरूला आत बसवलं आणि शिष्याला चौकात उभं केलं, एवढंच झालं.

चौकात उभं केलं हे मी उगाच लिहिलेलं नाही. पहिल्या गुरुवारी आरती झाली, करुणात्रिपदी झाली, आणि माईक बंद झाला. दरवेळी बावनीसाठी येणाऱ्या बायका दोन मिनिटं एकमेकींकडे बघत राहिल्या. मग त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी उठली, चप्पल घातली, उंबराच्या कट्ट्यापाशी गेली, चप्पल काढली आणि तिथं उभ्या उभ्या बावनी म्हणायला लागली. बाकीच्या तिच्या मागे. थंडीचे दिवस, पडवीचा दिवा चौकापर्यंत पोचत नाही, दोघींनी मोबाइलचा उजेड धरला होता. म्हटलं ना, मला मोजण्याची खोड आहे. आत मूर्तीपुढे आम्ही सात जण. बाहेर तेवीस. दुसऱ्या गुरुवारी आत पाच होते. कारण त्या दिवशी मीही बाहेर गेले होते, आणि माझ्याबरोबर पुजाऱ्यांची बायको.

यदुराजाला अवधूत दत्तानं आपले चोवीस गुरू सांगितले त्यात एक कुमारिका आहे. घरी पाहुणे आले म्हणून ती एकटी साळी कांडत असते, हातातल्या बांगड्या वाजतात, तिला लाज वाटते, म्हणून ती एकेक काढत प्रत्येक हातात एकच ठेवते, तेव्हा आवाज थांबतो. त्यावरून अवधूत एकट्यानं राहायला शिकला. आमच्या विश्वस्तांनी ही कथा उलटी वाचलेली दिसते. त्यांना वाटतं देवळात एकच बांगडी असावी. अहो, ते एकट्या फिरणाऱ्या अवधूताला ठीक आहे. देवळात आवाज हवा असतो.

याच बावनीवरून एक गंमत सांगायची राहिली. आमच्या शेजारच्या पटेलबेन आहेत, बावनी तीस वर्षं म्हणतात, झोपेतून उठवलं तरी म्हणतील. बावनीत गुरुचरित्रातल्या कथा एका-एका ओळीत येतात. वांझ म्हैस दूध देते, तंतूक कोष्ट्याला श्रीशैल्य दिसतं, घेवड्याच्या शेंगा खाऊन गुरू सोन्याचा घट देतात. एका गुरुवारी परतताना त्या मला म्हणाल्या, "बेन, भगवानने घेवडो बहु भावे, नहीं?" मी म्हटलं, हो, आवडतोच. तर त्या म्हणाल्या, "मने पण बहु भावे, पण हवे डायाबिटीस छे ने." माझ्या काही ध्यानात येईना. घेवडा आणि डायबिटीस? मग उलगडा झाला. बावनीतल्या त्या ओळीत शब्द 'झालर' आहे, पण आम्हा मराठी बायकांच्या तोंडचा घेवडा ऐकून तीस वर्षं त्यांना तो घेवर वाटत होता. तुपात तळलेला, पाकातला घेवर. दत्तगुरू अमरापुरात एका गरीब ब्राह्मणाकडे जाऊन घेवर खाऊन खूश झाले, असं चित्र त्या तीस वर्षं डोळ्यांपुढे ठेवून होत्या.

मी गल्लीत उभी राहून हसले, आणि मग तिथंच त्यांना अठराव्या अध्यायाची कथा सांगितली. घरात दाणा नाही, दारात घेवड्याचा वेल, त्याच्या शेंगा हाच संसार. गुरू भिक्षेला येतात, बाई शेंगा शिजवून वाढते, गुरू जेवतात आणि जाताना तो वेल मुळासकट उपटून टाकतात. बाई रडते, नवरा समजूत घालतो, आणि वेलाची जागा साफ करायला कुदळ मारतो तर खाली धनानं भरलेला कुंभ. बेन ऐकत होत्या. धनाचं त्यांनी फार मनावर घेतलं नाही. म्हणाल्या, "पण तेणे वेलो उखाडी नाख्यो त्यारे बाईने केवुं थयुं हशे!" मला एवढ्या वर्षांत कुंभच दिसत आला होता. त्यांना उपटलेला वेल दिसला.

त्याच्या पुढच्या गुरुवारी त्या तपेली घेऊन हजर. आमच्याकडे ज्याला वालोळ म्हणतात त्या घेवड्याची भाजी, अजवान घातलेली, वरून लसणाची फोडणी. वास चौकाच्या दारापासून येत होता. पुजारीबुवांनी माझ्याकडे बघितलं, मी बेनकडे बघितलं. लसूण नैवेद्याला चालत नाही हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तपेली परत गेली. पाऊण तासात दुसरी आली, बिनलसणाची, आणि आरती तेवढा वेळ थांबली. तेव्हापासून मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी घेवड्याचा नैवेद्य त्यांच्याकडून असतो. मी माझ्या पद्धतीनं ओलं खोबरं आणि गूळ घालून करते ती भाजी त्यांना गोड वाटते. त्यांची मला तिखट लागते. यंदा तो गुरुवार नेमका फलकवाला होता. त्यांनी भाजी आणली, पुजाऱ्यांनी नैवेद्य दाखवला, आणि जिच्यातल्या एका ओळीमुळे ती भाजी देवापुढे आली ती बावनी मात्र चौकात झाली. हे मला सहन झालं नाही, म्हणून हे पत्र.

माझे वडील कर्मठ होते. सोवळ्यात कुणाचा धक्का लागला तर पुन्हा अंघोळ करणारे. १९६८ च्या नोव्हेंबरात हरिद्वारला रंग अवधूतांनी देह ठेवल्याची बातमी आली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. त्यांना नारेश्वरला आणणार असं कळल्यावर बाबा दोघा मित्रांबरोबर करजणपर्यंत गाडीनं आणि पुढे मिळेल त्या वाहनानं गेले. परत आले ते तिसऱ्या दिवशी, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं. आईनं अंघोळीचं पाणी काढलं. बाबा म्हणाले, थांब जरा, आणि पाय न धुताच झोपाळ्यावर बसले. त्या दिवशी आमच्या घरी पहिल्यांदा बावनी म्हटली गेली. बाबांना ती आधीच पाठ होती हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या गुजराती उच्चारांत कानडीपेक्षा पुष्कळच कमी चुका होत्या.

अनसूयेची गोष्ट मी फार लांबवत नाही, ती सगळ्यांना ठाऊक आहे. तीन देव भिक्षेकरी होऊन आले, विवस्त्र होऊन वाढ म्हणाले, तिनं तीर्थ शिंपडलं आणि तिघांची रांगती बाळं केली. माझी आई ही गोष्ट सांगताना मध्येच थांबून म्हणायची, "आणि मग तिघांना एकदम भूक लागली, म्हणजे बघ." आम्हाला माहूरचा अनसूयेचा डोंगर माहीत, चित्रकूटवाले म्हणतात आश्रम आमच्याकडे, आणि आमच्या वडोदरा जिल्ह्यात शिनोरजवळ नर्मदेकाठी अंबालीला अनसूयामातेचं देऊळ आहे, तिथली माती अंगाला लावली की त्वचेचे रोग जातात अशी श्रद्धा. मी लहानपणी आईला विचारलं होतं, खरं ठिकाण कोणतं? ती म्हणाली, जिथं जवळ पडेल तिथं जावं.

आता पत्रलेखकांचं दुखणं मला कळत नाही असं नाही. ते खरं आहे. यंदा सप्ताहाला वाचक मिळता मिळत नव्हता. जे बसले ते पंचाहत्तरीचे, आणि छत्तिसाव्या अध्यायाला त्यांना दोनदा उठावं लागलं. आमच्या गल्लीतल्या मराठी घरांतली मुलं इंग्रजी शाळेत जातात आणि ओवी त्यांना वाचता येत नाही. माझा नातू "औदुंबर" हा शब्द तीन हप्त्यांत वाचतो. (बायकांनी पोथी वाचावी की वाचू नये, या वादात मी इथं शिरत नाही. तो वेगळ्या पत्राचा विषय आहे आणि ते पत्र मी लिहिणार आहे.) पण बावनी बंद केल्यानं तो नातू ओवी वाचू लागेल, हे गणित मला सुटत नाही, आणि मी गणिताचीच बाई.

म्हणून गेल्या चैत्रापासून रविवारी सकाळी दहा ते अकरा मी पडवीत मुलांना घेऊन बसते. पोथी नाही, सोप्या मराठीतलं कथासार. पाच मुलं येतात. त्यांतली एक शेजारच्या पटेलबेनची नात. शाळेतल्या हिंदीमुळे तिला देवनागरी येते, आणि गुजराती बोलणारी असल्यामुळे "ण" आणि "ळ" तिच्या तोंडातून असे स्वच्छ निघतात की आमच्या मराठी मुलांना मी तिच्याकडे बघायला सांगते. आमची मुलं "बाल" आणि "पानी" म्हणतात. तिचं "बाळ" बाळच असतं. पर्वतेश्वर शेतकऱ्याची गोष्ट तिनं परवा एका दमात वाचली. उभं ज्वारीचं पीक गुरूंच्या शब्दावर कापून टाकणारा, बायको ऊर बडवत असतानाही कापत राहणारा तो शेतकरी. वाचून झाल्यावर ती मला म्हणाली, "बाई, ही गोष्ट बावनीत आहे का?" मी म्हटलं, आता गुरुवारी ऐक आणि तूच शोध. मग आठवलं की गुरुवारी बावनी नाही.

फलकाचा विषय मी विश्वस्तांकडे काढला. उत्तर मिळालं की पेपरात आलं आहे. म्हणजे कुणा दूरच्या वाचकाला वाटलं ते आपण छापलंत, आणि छापलं म्हणून ते आमच्या देवळाचा नियम झालं. आपला यात दोष नाही. पत्रांचं पान त्यासाठीच असतं. त्याच न्यायानं हेही पत्र छापावं, एवढी विनंती आहे. जमल्यास त्याच पानावर, तशाच अक्षरात, म्हणजे दोन्ही कात्रणं शेजारी शेजारी लावली तर उणंअधिक दिसणार नाही. टाचण्या माझ्याकडे आहेत. पेन मी नेणार नाही.

माझं नाव छापू नये. उद्या गुरुवार आहे, आणि मला देवळात जायचं आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
दांडिया बाजार, बडोदे